सोसायटीच्या भिंतीवर कोणते नंबर लावायचे?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीत राहतो. दोन इमारती, अठ्ठेचाळीस घरं. यंदा मी कमिटीवर आले. मध्यंतरी रात्री अडीचच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बाथरूममध्ये पडले. घरात आजी एकट्याच. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. लोक जागे झाले, मेसेजवर मेसेज आले. ॲम्ब्युलन्सचेच सहा नंबर आले. दोन बंद होते, एकाने फोन उचलला नाही, एक गाडी हडपसरला होती. शेवटी समोरच्या मुलाने आजोबांना उचलून जिन्याने खाली आणलं आणि स्वतःच्या गाडीतून नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ते बरे आहेत, पण असं उचलायला नको होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी सोसायटीसाठी उपयोगी नंबरांची एक यादी करायला घेतली आहे. अध्यक्षांचं म्हणणं, ‘गूगलवर सगळं मिळतं, यादी कशाला?’ एका सभासदांना प्लंबर म्हणून आपल्याच ओळखीचा माणूस यादीत हवा आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, ‘आमचा नंबर भिंतीवर नको.’ यादीत काय घ्यावं, ती कुठे लावावी आणि पुढे तिच्याकडे बघायचं कोणी?
– एक वाचक, पुणे

उत्तर :

नमस्कार ताई,

ॲम्ब्युलन्सचे सहा नंबर आले आणि गाडी एकही आली नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. त्या रात्री नंबर भरपूर होते. आजींना हवा होता एकच खात्रीचा नंबर, तो लावणारा एक माणूस, आणि गाडी येईपर्यंत काय करायचं हे सांगणारं कोणीतरी. तुम्ही यादी करताय हे फार चांगलं आहे. ती लहान ठेवा, आणि प्रत्येक नंबरासमोर तो लावण्याआधी आणि लावल्यावर काय करायचं तेही लिहा. शंभर नंबरांची यादी रात्री अडीच वाजता कोणी वाचत नाही.

आधी रात्रीचं पान करू. एकच पान, मोठी अक्षरं. सगळ्यात वर १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, ती मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. त्याखाली ११२ : पोलीस, आग, कोणी दार ठोठावतंय, कोणी मारहाण करतंय, सगळ्यासाठी हा एकच नंबर पुरतो. अग्निशमन दलाचा १०१ वेगळा लिहा, कारण घाईत लोकांना तो आठवतो. सोसायटीत कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर १०२.

आता १०८ समोरच्या चार ओळी. ‘पत्ता सांगताना जवळचा चौक, बसथांबा किंवा देऊळ सांगा. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का, ते सांगा. फोन आपणहून ठेवू नका. एकाने गेटवर जाऊन उभं राहा.’ पत्ता तर छापूनच ठेवा. सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर, इमारत, आणि गाडी कोणत्या बाजूने आत येते ते. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पिनकोडही आठवत नाही. समोर लिहिलेलं असेल तर तो नुसतं वाचून दाखवेल. वॉचमनला हे पान समजलं पाहिजे. तुमचा वॉचमन बिहारचा किंवा नेपाळचा असेल, तर त्याच्या केबिनमध्ये हेच पान हिंदीत लावा आणि एकदा त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून वाचून घ्या. रात्री गेट उघडणारा, लिफ्ट खाली थांबवून ठेवणारा, गाडीला वाट दाखवणारा तोच असतो.

जुन्या सोसायटीत आणखी एक गोष्ट बघून ठेवायला हवी : तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या बऱ्याच लिफ्टमध्ये ते मावत नाही. मग रुग्णाला खुर्चीत बसवून न्यावं लागतं. म्हणून हात असलेली एक मजबूत खुर्ची किंवा साधी व्हीलचेअर तळमजल्यावर ठेवा आणि ती कुठे आहे हे पानावर लिहा. पण ही खुर्ची दम लागलेल्या, चक्कर आलेल्या माणसासाठी. पडल्यावर ज्याला कंबर, खुबा किंवा मान दुखतेय, पाय वाकडा दिसतोय, त्याला हलवायचं नाही. पांघरूण घालायचं, बोलत राहायचं आणि गाडीची वाट बघायची. समोरच्या मुलाने जे केलं ते मनापासून केलं. त्याला कोणी काही म्हणू नका. त्याला माहीत नव्हतं, कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

१०८ च्या खाली जवळच्या दोन रुग्णालयांच्या अपघात विभागाचे थेट नंबर हवेत. स्वागतकक्षाचा नंबर नको. तुम्ही स्वतः दिवसा तिथे जाऊन या आणि तीन गोष्टी विचारा : रात्री हृदयविकाराचा रुग्ण आला तर अँजिओप्लास्टीची सोय तिथेच आहे का? सीटी स्कॅन रात्रभर चालू असतो का? रात्री दाखल करताना किती रक्कम भरावी लागते? सीटी स्कॅनचं विचारण्याचं कारण असं की पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ते देण्याआधी स्कॅन लागतो. म्हणून पानावर हेही लिहा : ‘तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.’ स्कॅन नसलेल्या ठिकाणी आधी नेलं तर तिथून दुसरीकडे हलवण्यातच तास जातो.

लिफ्टचं वर आलंच आहे, तर तेही इथेच सांगते. देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडे आहे त्याचा रात्रीचा नंबर लिफ्टच्या आत, बटणांच्या वर लावा. बाहेर लावून आत अडकलेल्याला काय उपयोग? शेजारी लिहा : ‘दार ओढू नका, मधल्या फटीतून बाहेर यायचा प्रयत्न करू नका.’ कंत्राटदार आला नाही तर १०१.

गॅसचा वास आला तर १९०६. हा देशभरासाठीचा नंबर आहे आणि दिवसरात्र चालू असतो. पण फोनच्या आधी रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेलंही बंद करायचं नाही, आणि फोन घराबाहेर येऊन लावायचा. वीज गेली तर महावितरणचा १९१२. तिथे बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारतात, म्हणून जिन्यातल्या, पंपाच्या आणि लिफ्टच्या सामाईक मीटरचा ग्राहक क्रमांक पानावर छापून टाका. समोरच्या इमारतीत दिवे आहेत का, हे आधी बघा. तिथे असतील आणि आपल्याकडे नसतील, तर दोष बहुधा आपल्याच मीटरखोलीत असतो, आणि मग वायरमन लागतो. मीटरखोलीत पाणी शिरलेलं असेल तर मात्र वायरमननेही आधी महावितरणला पुरवठा बंद करायला लावल्याशिवाय आत जाऊ नये. पावसाळ्यात हे विशेष जपा.

अध्यक्षांच्या ‘गूगलवर सगळं मिळतं’ या म्हणण्याबद्दल. त्यांचा हेतू वाईट नाही, पण हे म्हणणं आता धोक्याचं झालं आहे. फ्रिजच्या, गॅस एजन्सीच्या, बँकेच्या, कुरिअरच्या नावाने खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर भामटे स्वतःच नेटवर टाकून ठेवतात. घाईतला माणूस शोधतो, पहिला दिसेल तो नंबर लावतो. पलीकडचा गोड बोलतो आणि मोबाइलवर एक ॲप घ्यायला सांगतो किंवा ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणतो. त्या ॲपमधून फोनचा पडदा त्याला दिसतो आणि खातं रिकामं होतं. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असे मेसेज तर पुण्यात घरोघरी येऊन गेले आहेत. त्यातला नंबर महावितरणचा नसतो. म्हणून यादीत ठळक अक्षरांत लिहा : कंपनीचा नंबर बिलावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यायचा. आणि फसवणूक झालीच तर १९३०. तो लावताना लाज वाटून घ्यायची नाही आणि उशीर करायचा नाही. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवता येण्याची आशा असते. सोबतच बँकेलाही कळवायचं. ज्येष्ठांना हे स्वतः समजावून सांगा. पैसे गेल्यावर मुलं रागावतील या भीतीने ते दोन-दोन दिवस गप्प बसतात.

आता तुमच्या भागाचं बोलू, कारण सिंहगड रस्त्याला इतर भागांपेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात.

पहिली, नदी. २५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना पहाटे झोपेतून उठून वरच्या मजल्यांवर जावं लागलं. खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सोडतात, यावर तुमच्या भागातल्या खालच्या सोसायट्यांचं सगळं अवलंबून असतं, आणि विसर्ग रात्रीतही वाढवला जातो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर क्षेत्रीय कार्यालयातून लेखी घ्या. पण पाण्याच्या बाबतीत फोनच्याही आधी माणसं ठरवावी लागतात. पावसाळ्यात विसर्गाच्या बातमीवर रात्री कोण लक्ष ठेवणार? तळमजल्यावरच्या घरांची दारं कोण वाजवणार? पंपाचा आणि पार्किंगच्या दिव्यांचा मुख्य स्विच कोण बंद करणार? ही तीन नावं पानावर घाला. तळमजल्यावर भाडेकरू राहत असतील तर त्यांचे नंबर या माणसांकडे असलेच पाहिजेत. भाडेकरू ग्रुपवर नसतात, आणि पाणी आधी त्यांच्या घरात येतं.

दुसरी, पिण्याचं पाणी. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) रुग्ण वाढले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. तुमच्या यादीत टँकरवाल्याचा नंबर असेलच. त्याच्यासमोर तो पाणी कुठून भरतो ते लिहा. त्याला सरळ विचारा. जो सांगत नाही त्याला यादीत घेऊ नका. टाकी धुणाऱ्याचा नंबर, शेवटची टाकी कधी धुतली ती तारीख, आणि पाणी तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेचा नंबर, या तिन्ही गोष्टी एका ओळीत हव्यात. गढूळ पाणी आलं, ड्रेनेज तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, झाड पडलं, अशा गोष्टींसाठी महापालिकेची टोल-फ्री तक्रार लाइन १८००-१०३०-२२२. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो ग्रुपवर टाकायचा, म्हणजे त्याच गोष्टीसाठी दहा जण फोन करत नाहीत आणि पाठपुरावाही करता येतो.

प्लंबर, वायरमन, सुतार, चावीवाला, शेगडी दुरुस्त करणारा, भंगारवाला, रुग्णाजवळ राहणाऱ्या मावशी, या सगळ्यांसाठी वेगळं पान करा. ते भिंतीवर लावू नका, ग्रुपवर आणि कमिटीच्या फाइलमध्ये ठेवा. या माणसांचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. त्यांनाही घर आहे, दुपारची भाकरी आहे, रविवार आहे. ‘तुमचा नंबर अठ्ठेचाळीस घरांना देऊ का? किती वाजेपर्यंत फोन चालेल? रात्री याल का?’ एवढं विचारलं तर माणूस खूश होतो आणि खरं सांगतो. रात्री येणारा एक प्लंबर आणि एक वायरमन मिळाला तर त्यांची नावं अधोरेखित करा.

ओळखीच्या माणसाचा आग्रह धरणाऱ्या सभासदांना नाही म्हणायची गरज नाही. नियम एकच ठेवा : ज्याचं काम सोसायटीतल्या निदान दोन घरांनी करून घेतलं आहे त्याचंच नाव, आणि नावापुढे त्या घरांचे फ्लॅट नंबर. ओळखीचा माणूस चांगला असेल तर दोन घरं सहज मिळतील. प्रत्येक कामाला निदान दोन नावं हवीत. एकच नाव असलं की भाव चढतो आणि सोसायटीत कुजबूज सुरू होते. दर लिहू नका, ते लवकर शिळे होतात आणि त्यावरून भांडणं होतात. ‘नुसतं बघायला यायचे किती, हे फोनवरच विचारा’ एवढं लिहा. कोणाबद्दल तक्रार आली तर त्याचीही बाजू ऐकून घ्या आणि मगच नाव काढा. ‘अमुक चोर आहे’ असं ग्रुपवर कोणी लिहिलं, तर कमिटीने तो मेसेज लगेच काढायला लावला पाहिजे. एखाद्याची रोजीरोटी एका रागाच्या मेसेजने जाते.

कचरा वेचायला येणाऱ्या ताईंचा नंबरही या पानावर हवा. पुण्यात बऱ्याच भागांत हे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात, २००८ पासून. फुटलेल्या काचा, सुया, जुने दिवे, बिघडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू कोणाकडे आणि कशी द्यायची, हे त्यांना विचारून लिहा. ओल्या कचऱ्यात इंजेक्शनची सुई गेली तर ती त्यांच्या हाताला लागते.

काकूंचं म्हणणं मात्र पूर्ण बरोबर आहे, आणि त्यांना एकटं पाडू नका. रहिवाशांचे नंबर भिंतीवर लावायचे नाहीत, कोणाचेच. ‘फ्लॅट तीनशे दोन, एकट्या राहतात’ अशी माहिती लिफ्टजवळ लावणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या परक्याला ती देणंच आहे. त्याऐवजी प्रत्येक घराने एक पाकीट भरून स्वतःच्या घरात फ्रिजवर लावावं : रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, विम्याचा क्रमांक, आणि परदेशात किंवा परगावी असलेल्या मुलांचे नंबर. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याच्या आधी जवळचा भाचा किंवा पुतण्या लिहायचा, जो अर्ध्या तासात रुग्णालयात पोचेल. कमिटीकडे फक्त एवढी नोंद असावी की कोणत्या घरात एकटी ज्येष्ठ व्यक्ती आहे आणि तिच्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, आणि तीही त्या व्यक्तीने आपणहून दिली तरच. एकट्या ज्येष्ठांना १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन सांगा. निवृत्तिवेतन, कायदेशीर अडचण, घरातली वागणूक यांबद्दल तिथे बोलता येतं. मन फार उदास होत असेल तर १४४१६, टेलिमानस. तिथे मराठीतही बोलता येतं. घरात लहान मुलांचा छळ दिसला तर १०९८. हे तीन नंबर लिफ्टच्या शेजारी लावा, म्हणजे ज्याला लागतील त्याला कोणाला विचारावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट यादीत घ्या. बैठकीत ती कोणी काढणार नाही, म्हणून मी काढते. घरी मृत्यू झाला तर काय करायचं? ज्या घरावर ही वेळ येते त्या घराला त्या क्षणी काही सुचत नाही, आणि शेजाऱ्यांपैकी एकाला तरी क्रम माहीत असावा लागतो. आधी नेहमीच्या डॉक्टरांना बोलवायचं. मृत्यूच्या कारणाचा दाखला तेच देतात, आणि त्याशिवाय अंत्यसंस्काराचा पास मिळायला अडचण येते. त्यामुळे तुमच्या भागात घरी येऊन तपासणारे आणि असा दाखला देणारे डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवा. रात्री फोन उचलाल का, हेही विचारा. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर पोलिसांनाच कळवायचं, दाखल्यासाठी डॉक्टरांना गळ घालायची नाही. नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीला लगेच फोन. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून, पंखा बंद करून ठेवायचा. शववाहिनीचा नंबर, स्मशानभूमीच्या कार्यालयाचा नंबर, आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची ही सूचना. हे पान भिंतीवर लावू नका. सचिवांकडे आणि आणखी दोघांकडे बंद पाकिटात द्या.

यादी सांभाळायचं काम एका माणसाचं असू द्या, कमिटीचं नको. कमिटीचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. निवृत्त झालेले, फोनवर बोलायला आवडणारे कोणी काका किंवा काकू तुमच्याकडे नक्की असतील, त्यांना मानाने विचारा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, त्यांनी स्थानिक नंबर लावून बघायचे. हे महिने सांगते कारण इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ प्रमाणपत्र याच दोन महिन्यांत द्यावं लागतं, त्यामुळे सोसायटीची फाइल तेव्हा उघडतेच. १०८, ११२, १०१ हे मात्र तपासण्यासाठी लावू नका. त्या क्षणी दुसऱ्या कोणाचा तरी खरा फोन वाट बघत असतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘शेवटची तपासणी’ आणि तारीख. जुनं पान फाडून टाका, त्याच्यावर नवं चिकटवू नका.

तुमच्या हाताशी आत्ता वेळ थोडा असेल, तर सगळी पानं पूर्ण होण्याची वाट बघू नका. या आठवड्यात फक्त रात्रीचं पान छापा, तीन ठिकाणी लावा : लिफ्टजवळ, वॉचमनच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला. पहिली प्रत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे तुम्ही स्वतः घेऊन जा आणि तिथली अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतात का ते बघा. येत नसतील तर बाकीच्या प्रती छापण्याआधी अक्षरं मोठी करा.